हेमूचं बाद मत

हेमचंद्राचं पत्र मला १९९९च्या सप्टेंबरात पुण्याला मिळालं. मेलबर्नहून आलेलं, निळ्या पातळ कागदाचं. त्याला मी उत्तर दिलं नाही. विसरलो म्हणून नव्हे. विसरलो असतो तर सोपं होतं, विसरल्याबद्दल माफी मागता येते.

पत्र जेमतेम दहा ओळींचं होतं. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबरात सार्वमत व्हायचं होतं. इंग्लंडची राणी तीच त्यांची राणी. ती तशीच ठेवायची, की देश प्रजासत्ताक करून आपला अध्यक्ष नेमायचा, असा प्रश्न होता. मतपत्रिकेवर एक चौकट असते आणि तिच्यात प्रजासत्ताकाला 'होय' किंवा 'नाही' असं आपल्या हाताने लिहायचं असतं. खाली हेमूने लिहिलं होतं, "बाळू, तू सगळी पुस्तकं वाचली आहेस, मी एकही नाही. या विषयावर आपण चड्डीत होतो तेव्हापासून भांडतोय. आता मला खरंखुरं मत मिळालंय. तू सांगशील ते लिहीन. एक शब्द पाठव. निबंध नको."

मी निबंध लिहायला घेतला.

माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकं जवळ असणं हा आधार असतो तसा शापही असतो. एक वाक्य लिहिलं की त्याच्या उलट सांगणारं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मला आठवे. राजा असला की देशाच्या सर्वांत उंच खुर्चीसाठी भांडणं होत नाहीत, असं मी लिहिलं. मग वाटलं, ती खुर्ची मिळवायला त्याच्या खापरपणजोबाने कितीजणांना मारलं ते का लिहू नये? तेही लिहिलं. मतदानाच्या दिवशी माझी एकतीस पानं झाली होती आणि शेवटचं वाक्य 'तथापि'ने सुरू होत होतं.

सार्वमत झालं, राणी राहिली. आता उत्तराला अर्थ नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. हेमूची तशी समजूत झाली नाही. पुढच्या दिवाळीत त्याची बायको निशिगंधा हिचा फोन आला, तेव्हा मागून त्याचा आवाज ऐकू आला, "त्याला सांग, पत्र आलं की बोलेन." त्यानंतर फोन बायकाबायकांचेच झाले. माझी बायको दमयंती आणि निशिगंधा दर दिवाळीला तासभर बोलत, आणि आम्ही दोघे मित्र दोन खंडांवर आपापल्या बायकांच्या शेजारी गप्प बसत असू. अशी सव्वीस वर्षं गेली.

मधल्या काळात आम्ही सिंगापूरला आलो. मुलगा प्रसन्न रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे. सून राधिका आणि नात जाई यांच्याबरोबर आम्ही बेडोकला राहतो. हेमूचं पत्र माझ्याबरोबर आलं. ते शब्दकोशात ठेवलेलं असतं, 'रा'च्या पानांत. एकतीस पानांची फाइलही आली, ती तोवर जाडजूड झाली होती.

या ऑगस्टमध्ये हेमूची नात आमच्या दारात उभी राहिली. अनुया तिचं नाव. इथल्या विद्यापीठात तिवरांच्या झाडांवर संशोधन करायला आलीय. मेलबर्नला जन्मली, पण मराठी स्वच्छ बोलते, फक्त वाक्याच्या शेवटी आवाज वर चढतो, त्यामुळे साधी गोष्टही प्रश्नासारखी वाटते. तिने दमयंतीला नमस्कार केला, मला केला, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुम्हीच ते बाळू? ज्यांच्यामुळे आबांचं मत बाद झालं?"

मला काही कळेना. मग तिने खिचडी खाता खाता सगळं सांगितलं. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे, न गेल्यास दंड होतो. त्या शनिवारी सकाळी हेमूने पत्रपेटी दोनदा बघितली, बायकोला एकदा बघायला लावली आणि शेवटी मतदानाला गेला. चौकटीपुढे बराच वेळ उभा राहिला. 'होय' लिहिलं नाही, 'नाही' लिहिलं नाही. मराठीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, "बाळूचं पत्र अजून आलेलं नाही."

प्रसन्न इतका हसला की त्याला ठसका लागला. राधिकाने विचारलं, ते मोजलं कोणी आणि कसं? अनुया म्हणाली, बाद मतांत मोजलं असणार, पण आबांचा हट्ट असा, की ते बाद नाही, प्रलंबित आहे. मीही हसलो. मग चेहरा कोणाला दिसू नये म्हणून पाणी आणायला उठलो.

"बाबा, एक शब्द लिहायला सव्वीस वर्षं?" प्रसन्नने विचारलं.

"एक कुठला," दमयंती म्हणाली, "शहाण्णव पानं झालीत. मी मोजलीत." आणि तिने आतून फाइल आणून टेबलावर ठेवली. मला वाटत होतं, तिला ती ठाऊक नाही.

जाई चौदा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण तिचं उत्तर मराठीत येत नाही. तिने फाइल हातात तोलून बघितली आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' जोडून म्हणाली, "आजोबा, जस्ट से येस ऑर नो, ला."

जाताना अनुया मला लिफ्टपाशी म्हणाली की आबांना आता अगदी कमी ऐकू येतं. यंत्र लावत नाहीत. फोनवर बोलायचं ठरवलं तरी त्याचा उपयोग नाही, पत्रच लागेल. "दिवाळीपर्यंत पाठवाल?" या वेळी तो खरोखरच प्रश्न होता. मी मान हलवली. मान हलवण्याला मी कधीच घाबरलेलो नाही.

इथे आमचं गाव सांगायला हवं. आमचं गाव म्हणजे एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी. राजधानी म्हणजे एक राजवाडा, एक तुरुंग, एक हायस्कूल आणि एक हत्ती. त्यातला हत्ती आमच्या जन्माआधीच वारला होता. आम्ही पाळण्यात असताना संस्थान विलीन झालं, पण राजेसाहेबांचा तनखा चालू होता आणि दसऱ्याचा दरबारही. माझे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते, पुढे मामलेदार कचेरीत गेले. हेमूचे वडील शाळामास्तर, प्रजापरिषदेवाले. ते दरबाराच्या दिवशी मुद्दाम दारात बसून सूत काढत. त्यामुळे हेमू राजाच्या विरुद्ध आणि मी बाजूने, ही वाटणी आमच्या बापांनीच करून ठेवली होती. तरी दरबार बघायला हेमू माझ्याबरोबर चोरून येई.

माझे वडील फार भित्रे. माझा स्वभाव कुठून आला ते शोधायला मला पुस्तकं लागली नाहीत. कचेरीत त्यांच्यावर शिपायानेही ओरडावं. पण दसऱ्याला ते पगडी घालत, रांगेत उभे राहत, मुजरा करून राजाच्या हातून आपट्याचं एक पान घेत आणि त्या दिवशी मोठ्या आवाजात बोलत. एकाहत्तर साली तनखे बंद झाल्याची बातमी आली तेव्हा ते जेवले नाहीत. मी 'होय' लिहायला बसलो की मला ती पगडी दिसे. शहाण्णव पानांत हे कारण मी कुठेही लिहिलेलं नाही.

'नाही' का लिहू शकलो नाही, ते पुढे येईलच.

सप्टेंबरभर मी फाइल रोज उघडली आणि रोज बंद केली. दसरा गुरुवारी आला. इथे आमचे सण शनिवार-रविवारी होतात, त्याप्रमाणे सीमोल्लंघन रविवारी ठरलं. ही प्रसन्नच्या मित्रमंडळींची पद्धत. सिंगापूरची खरी सीमा ओलांडायची तर पासपोर्ट लागतो, म्हणून चांगीच्या धक्क्यावरून बोटीने पुलाउ उबीन बेटावर जायचं. पाणी ओलांडलं की सीमा ओलांडली असं आम्ही मानतो. बारा माणसं जमली की बोटवाला बोट सोडतो. आम्ही, अनुया आणि आणखी दोन कुटुंबं धरून अकरा होतो. बाराव्याची वाट बघत बाकांवर बसलो.

अनुयाने तेवढ्यात मतदान काढलं. एखाद्या देशात राजा असेल तर ठेवावा की काढावा? फक्त हात वर करायचा, पण आधी एक वाक्य बोलायचं. प्रसन्न म्हणाला, ठेवावा. सगळ्यांत वर बसलेल्या माणसाला आणखी वर जायचंच नसेल तर खाली शांतता राहते, हे मी ऑफिसात रोज बघतो. राधिकाने त्याला विचारलं की तुझ्या ऑफिसातला वरचा माणूस वारशाने आला असता तर तू तिथे राहिला असतास का. प्रसन्नने तरी हात खाली घेतला नाही. जाईने आधी राजाला काढलं, मग राजकन्यांची लग्नं बंद होतील हे लक्षात आल्यावर परत ठेवलं. दमयंतीचं मत सर्वांत ठाम होतं: ठेवावा, पण राणीच ठेवावी, निदान एका घरात तरी बाईचं ऐकलं जाईल. मोजणी झाली. पाच आणि पाच.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लाइफ जॅकेटची पाटी वाचत होतो. ती चार भाषांत होती आणि मी चारही वाचायचा विचार करत होतो.

"त्यांना घाई करू नका," दमयंती म्हणाली. "आता कुठे सव्वीस वर्षं झालीत."

तेवढ्यात बारावी व्यक्ती आली. हातात दोन पिशव्या घेतलेली एक चिनी आजीबाई, उबीनलाच राहणारी. जाईने तिलाही गाठून तोच प्रश्न विचारला. म्हातारी थोडा विचार करून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मी लहान होते तेव्हा वर्गात राणीचा फोटो होता. मग एके दिवशी तो काढला आणि दुसरा लावला. गणित तेवढंच अवघड राहिलं. हे सांगून तिने आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, बोट सुटणार आहे की नाही?

बोट सुटली. तिच्या उत्तराने मला मोठा धीर आला. इतक्या थोडक्यात उत्तर देता येतं, हे मी प्रथमच बघत होतो.

उबीनला उतरल्यावर आम्ही सायकलींच्या दुकानांवरून पुढे गेलो. एका झाडाखाली पानांचा सडा पडला होता. जोडपानं, दोन पाकळ्यांसारखी. दरवर्षी आम्ही तीच आपट्याची म्हणून वाटतो. अनुयाने एक उचलून उन्हात धरलं आणि सांगितलं की हा आपटा नव्हे, कांचन आहे, आपट्याचा चुलतभाऊ. इतकी वर्षं आम्ही चुलतभावाला सोनं समजत होतो. कोणाचाही उत्साह कमी झाला नाही. इथे झाडाचं पान तोडत नाहीत, म्हणून गळलेलीच वेचायची. जाईने त्यांचा ढीग केला.

मग प्रसन्नला आमच्या गावची पद्धत आठवली. मीच कधीतरी सांगितली होती. राजा ढिगाला हात लावतो आणि मग लोक सोनं लुटतात. नारळपाण्याच्या दुकानातून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आली आणि मला तिच्यावर बसवण्यात आलं. मी नको नको म्हणत होतो, पण माझ्या नको म्हणण्याला घरात मान नाही. राधिकाने आपली ओढणी माझ्या खांद्यांवर टाकली. मी ढिगाला हात लावला, ढीग समोर पंचवीस पावलांवर नेऊन ठेवला गेला, आणि जाईने "गो" म्हटलं.

ते पळाले. प्रसन्न पळाला, राधिका, अनुया, इतर सगळे. आणि सगळ्यांच्या मागे, चौऱ्याहत्तर वर्षांची दमयंती, निऱ्या हातात धरून. मी खुर्चीवरून बघत होतो.

तेव्हा मला तो दिसला.

मी नऊ वर्षांचा होतो. राजेसाहेब आजारी होते म्हणून त्या दसऱ्याला त्यांचा मुलगा बसला होता, माझ्याच वयाचा. भरजरी अंगरखा, डोक्याला मोठा होणारा फेटा. तासभर त्याने आजोबांच्या वयाच्या माणसांचे मुजरे घेतले. मग सोनं लुटायची आरोळी झाली आणि सारी पोरं ढिगावर तुटून पडली, हेमू सर्वांत पुढे. मी पळालो नाही. गर्दीची भीती वाटली. मी खुर्चीपाशी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "तू का नाही पळत?"

मी ढिगाकडे बघितलं.

"मला सोडलं असतं," तो म्हणाला, "तर मी पहिला पोचलो असतो."

हे मी हेमूलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटे, राजा असणं म्हणजे चैन. मला त्या दिवसापासून ठाऊक होतं की त्या मुलाच्या पायांना फक्त बसायचं काम दिलंय. पण ते मान्य केलं तर वडिलांच्या पगडीचं काय करायचं? एवढंच मला शहाण्णव पानांत सुटलं नव्हतं.

आणि त्या लाल खुर्चीवर बसलेलो असताना मला वडील दरबारानंतरचे आठवले. ते मोठ्याने बोलत, ते मुजरा करताना नव्हे. तेव्हा तर ते वाकलेले असत. मोठ्याने बोलत ते नंतर, आमच्या गल्लीत, ढिगातली पानं उपरण्यात भरून घरोघर वाटताना. हेमूच्या वडिलांच्या दारातही ते जात. मास्तर सूत थांबवून उठत, दोन्ही हातांनी पान घेत आणि आपल्याकडचं एक देत. गल्लीत कुणी खुर्चीवर बसलेलं नसे. माझे वडील ताठ होत ते तिथे.

मी उठलो. ओढणी पडली. मी पळालो, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे होतं ते केलं. ढीग तोवर संपत आला होता. जाईने मला बघितलं आणि ओरडली, "आजोबा, किंग कॅनॉट रन, ला!" प्रसन्न बाजूला झाला, हे मला आवडलं नाही, पण दमयंती झाली नाही. तिच्या हाताखालून मी एक पान ओढलं. ते अर्धं फाटलं.

"राजेसाहेब, खुर्ची सोडलीत," ती धापा टाकत म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "अनुया, माझं मत धर. प्रजासत्ताकाकडे."

सहा-पाच. बारावं मत नारळपाण्याच्या दुकानापाशी पिशव्या ठेवून बसलं होतं आणि आमच्याकडे बघून हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच कागद घेतला. फाइल जाईच्या खोलीत ठेवायला दिली, हाताशी नको म्हणून. लिहिलं ते असं:

"प्रिय हेमू, होय. राजा नको. त्याच्यासाठी नको, म्हणजे त्याच्या पोरासाठी. त्या दसऱ्याला तू ढिगावर होतास तेव्हा त्याने मला सांगितलं की सोडलं असतं तर तो तुझ्याही आधी पोचला असता. हे तुला आधी सांगायला हवं होतं. तनखा बंद झाल्यावर त्याने सांगलीला सायकलींचं दुकान काढलं आणि तो स्वतः शर्यतीत उतरायचा, हे तुला ठाऊक आहेच. दसरा मात्र ठेवावा, पगडी ठेवावी, गल्ली ठेवावी. माझे वडील तुमच्या दारात यायचे ते तुला आठवतं का? तुझं मत वाया घालवलं, त्याची लाज वाटते. पुन्हा कधी विचारलं तर माझ्यासाठी थांबू नकोस. तुझा बाळू."

पाकिटात मी उबीनचं अर्धं पान घातलं. संध्याकाळी अनुया आली, तिने पाकीट हातात घेऊन चाचपलं आणि विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं. ती म्हणाली, ऑस्ट्रेलियात पानंफुलं टपालाने चालत नाहीत. पान सापडलं तर पत्रच अडकवतील. सव्वीस वर्षं थांबलेलं पत्र अर्ध्या पानापायी अडकलं असतं. मला नेहमीचा विचार आला: मग राहू दे, नीट विचार करून पुन्हा लिहू.

दमयंतीने माझा चेहरा ओळखला. तिने पाकीट फोडलं, पान काढलं, ते पत्राच्या खालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. मी कडेने रेघ काढली. फाटलेल्या बाजूला थांबलो, मग ती बाजू मनाने पूर्ण केली. खाली लिहिलं, "कांचन आहे, आपटा नव्हे. अनुयाने ओळखलं."

आम्ही चौघंजण पोस्टाच्या पेटीपर्यंत आलो: दमयंती, अनुया, जाई आणि मी. मी नव्या पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा जाईने घड्याळाकडे बघितलं. मी तिकिटाचा कोपरा अंगठ्याने दाबला, पत्र फटीत धरलं आणि सोडलं. आत ते कशावर तरी पडल्याचा हलका आवाज आला.